सेकंड शिफ्टचं बिस्कीट

अगं सूनबाई, पोरांचे दात बघायच्या आधी घरातलं घड्याळ बघ. एमआयडीसीतली दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. गेटबाहेरच्या टपरीवर आपला लेक थांबतो, क्रीमचं बिस्कीट घेतो, कधी चॉकलेट, आणि साडेअकराला घरात शिरतो. धाकटा जागा असला तर उडी मारून त्याच्या गळ्यात पडतो. झोपला असला तर हाच त्याला हलवून उठवतो, कारण दिवसभरात लेकराचं तोंड पाहिलेलं नसतं. माझाच मुलगा आहे, त्याची माया मला कळते. पण ते बिस्कीट दाढेच्या खाचेत जाऊन बसतं ते सकाळपर्यंत. झोपेत लाळ कमी सुटते, जीभ हलत नाही, पाण्याचा घोट पोटात जात नाही. म्हणजे दात धुऊन काढणारं जे काही तोंडात असतं, ते सगळं रात्रपाळीला रजेवर. तू नवाला घासून दिलेले दात साडेअकराला पुन्हा उष्टे झाले, आणि ते घासणं फुकट गेलं.

आपल्या धाटाव गावात घरोघरी हीच गोष्ट. अंगणवाडीत माझा जन्म गेला. तिथे मांडीवर घेतलेल्या पोरांच्या तोंडात वाकून बघायची सवय लागली ती अजून सुटली नाही. बाप कुठल्या पाळीला जातो हे कधी कधी दाढा बघूनच ओळखायचे मी. त्याला खाऊ आणू नको असं सांगू नकोस, त्याचं मन मोडेल. खाऊ आणू दे, फडताळात ठेवू दे आणि सकाळी न्याहारीबरोबर स्वतःच्या हाताने देऊ दे. पोराला काय, खाऊ मिळाल्याशी मतलब.

आता हे घड्याळाचं मी का लावून धरते ते ऐक. आपल्या सगळ्यांच्या तोंडात जंतू असतात, दातावर त्यांचा पातळ चिकट थर बसतो. साखर किंवा पिठाचं काहीही तोंडात गेलं की ते जंतू ते खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दाताच्या वरच्या कवचातला चुना विरघळायला लागतो. खाल्ल्यावर काही मिनिटांतच हे सुरू होतं आणि अर्धा ते एक तास चालतं. मग लाळ हळूहळू आम्ल मोडते, गेलेला चुना थोडा थोडा परत बसवते. म्हणजे दात रोज झिजतो आणि रोज भरतोही. झीज जास्त आणि भरणी कमी झाली की खड्डा. त्यामुळे पोराने किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याचा हिशेब ठेव. जेवणानंतर एक अख्खा लाडू खाल्ला, पाणी प्यालं, संपलं. त्याचं एवढं काही नाही. पण तोच लाडू सकाळपासून खिशात ठेवून कुरतडत राहिलं तर तोंडातलं आम्ल उतरायला उसंतच मिळत नाही.

हे काही माझ्या मनचं नाही. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत 1945 पासून काही वर्षं याचा प्रयोगच केला होता. मतिमंद माणसांना ठेवायची ती जागा. तिथल्या बिचाऱ्यांना न विचारता चिकट टॉफ्या खाऊ घातल्या आणि दात किती किडतात ते मोजत बसले. जेवणाबरोबर गोड खाणाऱ्यांचे दात त्या मानाने बरे राहिले. जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या चघळणाऱ्यांची मात्र वाट लागली. असा प्रयोग आज कोणी करू धजणार नाही आणि करूही नये, पण त्या लोकांच्या दातांनी मिळालेली अक्कल आपण वाया का घालवायची? म्हणून धावीर महाराजांच्या पालखीला, गणपतीत, दिवाळीत पोरांना मनसोक्त खाऊ दे. सणाचं गोड दात खात नाही. रोजचं, येताजाता, विनाकारणाचं खातं.

आणि रोजचं म्हणजे नुसतं चॉकलेट नव्हे. दुपारी चारला चहात बुडवलेली खारी आणि बटर, त्यावर साखरेचा चहा. पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं, जी खारट म्हणून आपण निर्धास्त देतो. त्यातलं पीठ दाढेला कसं चिकटतं ते बोट फिरवून बघ एकदा. रात्रीचं खोकल्याचं औषध गोड असतं, ते देऊन तसंच झोपवू नकोस, वर दोन घोट पाणी पाज. मधात बुडवलेली चोखणी तर घरातच आणू नकोस. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नाही, दातासाठी नाही आणि जिवासाठीही नाही. त्यातून होणारी विषबाधा बाळाचे स्नायू लुळे करते. माझ्या सासूबाई बाळाला मधाचं बोट चाटवायच्या, सगळ्याच चाटवायच्या. त्यांचं बाकी पुष्कळ मी धरून ठेवलं, हे सोडलं.

बाटलीचं वेगळं सांगते. मांडीवर बाटली तोंडात धरून झोपलेलं पोर बघायला गोड दिसतं. दूध तोंडात साचून राहतं, वरच्या पुढच्या चार दातांभोवती. खालच्या दातांवर जीभ असते, ते झाकले जातात. म्हणून अशा पोराचे वरचे चार दात हिरडीपाशी खाऊन खाऊन काळे खुंट होतात आणि खालचे स्वच्छ पांढरे राहतात. अंगणवाडीत असं तोंड दिसलं की आईला विचारायचीही गरज नसायची. वर्ष झालं की बाटली सुटायला हवी, पेल्याने किंवा वाटीचमच्याने दूध द्यायचं. रात्री बाटलीशिवाय झोपतच नसेल तर बाटलीत साधं पाणी. दोनचार रात्री रडेल, रडू दे. अंगावर पाजत असशील तर पाज बिनधास्त, फक्त दात आल्यापासून शेवटच्या पाजण्याआधी दात घासून घे आणि पोर झोपलं की अंगावरून बाजूला कर.

आणखी एक, जरा नाजूक आहे. आपल्या दाढेत खड्डा असेल तर तिथले जंतू पोराच्या तोंडात जातात. चमचा चाखून भरवणं, घास चावून तोंडात देणं, आमच्या पिढीने मायेने केलं. ते थांबव. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुझी डावीकडची दाढ तू वर्षभर अंगावर काढते आहेस, ती आधी भरून घे. ती माझ्या नजरेत आहे.

आता तोंडात कसं बघायचं ते. पोराला आपल्यासमोर उभं करून 'आ कर' म्हटलं की ते जीभ बाहेर काढतं, दिसत काहीच नाही. दोघींनी गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसायचं, पोर मध्ये आडवं, डोकं एकीच्या मांडीत, पाय दुसरीच्या कमरेभोवती. हात तिने धरायचे. जिच्या मांडीत डोकं आहे तिने मोबाईलचा टॉर्च लावून वरचा ओठ अंगठ्याने उचलायचा. आधी हिरडीला लागून बघ. दात ओला असताना काही कळत नाही, स्वच्छ फडक्याने पूस आणि मग बघ. खडूने ओढल्यासारखी पांढरी, चमक नसलेली रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी. अजून खड्डा नाही. इथून दात परत फिरतो, फ्लोराइड लावलं आणि रात्रीचं खाणं बंद केलं तर ती रेघ पुन्हा घट्ट होते. पिवळट-तपकिरी खोलगट झालं की ती पायरी गेली. मग दाढांच्या वरच्या खाचा बघ आणि दोन दाढांच्या मधली फट बघ. आतून काळसर सावली दिसली तर बाहेरून दाढ साबूत असली तरी आत पोखरलेली असते. महिन्यातून एकदा हे कर. पगाराच्या दिवशी कर, विसरणार नाहीस.

घासायचं त्याच आडव्या पोरावर. सातआठ वर्षांचं होईपर्यंत पोराच्या हाताला ते जमत नाही. त्याला ब्रश धरू दे, खेळू दे, पण शेवटचा हात तुझा. पेस्टच्या ट्यूबवर बारीक अक्षरात फ्लोराइड किती ते लिहिलेलं असतं, साधारण 1000 पीपीएम असायला हवं. लहान मुलांच्या म्हणून चित्रं काढलेल्या रंगीत ट्यूबा मिळतात, त्यातल्या पुष्कळांत फ्लोराइड नसतंच. चव छान, काम काही नाही. तीन वर्षांच्या आत भाताच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहात वाटाण्याएवढी. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर लांब नागमोडी पेस्ट कधीच नाही, पोर ती गिळतं. घासून झाल्यावर थुंकायला लाव, पण खळाखळा चुळा भरायला लावू नकोस. थोडं फ्लोराइड दातावर राहायला हवं. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे दातांवर डाग पडतात. तुझी बहीण तिकडे दिली आहे ना, तिला म्हणावं डॉक्टरांना विचारून पेस्ट ठरव.

राखुंडी, कोळशाची पूड, काळं मंजन, मीठ, या सगळ्याने दात घासले की गुळगुळीत लागतात खरे. कवच खरवडलं जातं म्हणून लागतात. कडुनिंबाची, करंजाची काडी मोठ्या माणसाने चघळायला माझी ना नाही. पण पोराच्या मागच्या दाढेपर्यंत ती काडी पोहोचत नाही, आणि कीड लागते ती नेमकी तिथेच. मशेरीचं तर नावही काढू नकोस. आपल्याकडच्या बायका पोराला मांडीवर घेऊन मशेरी लावायला बसतात, पोर बोट घालतं, आणि 'दात दुखत होता, बरं वाटलं त्याला' असं कौतुक चालतं. तंबाखू जाळली म्हणून तिचं औषध होत नाही.

कोणी म्हणेल, कंपन्यांच्या धुराने आणि कुंडलिकेच्या पाण्याने पोरांचे दात किडतात. वासाबद्दल, नदीबद्दल बोलायचं तेव्हा मीही चार शब्द बोलेन, पण हे खापर तिथे फोडू नका. आम्लाच्या वाफेत काम करणाऱ्या माणसाचे पुढचे दात झिजू शकतात, ती गोष्ट वेगळी. पोरांची कीड डोंगरावरच्या वाड्यांतही तेवढीच आहे, जिथे चिमणीचा धूर पोहोचत नाही पण पाच रुपयांची पाकिटं पोहोचतात. पूर्वी तिथल्या पोरांच्या हातात करवंदं, जांभळं, भाजलेले वाल दिसायचे. देशभर दातांची मोठी पाहणी 2002-03 साली झाली, तेव्हाच पाच वर्षांच्या निम्म्याहून जास्त पोरांचे दात किडलेले निघाले होते. त्या सगळ्यांच्या दारात काही एमआयडीसी नव्हती.

आता तू मनात म्हणत असशील, दुधाचे दात, पडायचेच आहेत, एवढा खटाटोप कशाला. सगळं गाव हेच म्हणतं. पडलेला दात शेणात घालून कौलावर टाकायचा आणि मोकळं व्हायचं. पण पुढचे दात सहा-सात वर्षांना पडतात, दाढा पडतात दहा ते बारा वर्षांना. धाकटा आज तीन वर्षांचा. त्याची दाढ किडली तर अजून सात-आठ वर्षं त्याला तिच्यावरच जेवायचं आहे. दुधाच्या दाताचं कवच पक्क्या दाताच्या मानाने पातळ, आतली नस मोठी आणि जवळ; म्हणून मोठ्या माणसात वर्ष-दोन वर्षं घेणारी कीड पोरात काही महिन्यांत नसेपर्यंत जाते. आणि ती दाढ खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी जागा धरून असते, एसटीत रुमाल टाकून धरतात तशी. रुमाल उचलला की शेजारचे सरकून बसतात, आणि मागून येणारा वाकडातिकडा उभा राहतो. पुढे तारा लावायला हजारोंनी पैसे घालतात, त्यातल्या कितीतरी जणांची सुरुवात इथे असते. मुळाशी पू झाला तर खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातावरही डाग पडू शकतो.

थोरलीचं मात्र आजच सांगते, तिला सहावं लागलंय. सगळ्यात मागच्या दुधाच्या दाढेच्याही मागे, हिरडी फोडून एक मोठी दाढ येते. त्या वेळी कुठलाही दात पडत नाही, म्हणून आईला पत्ताच लागत नाही. ती पक्की दाढ. वर दोन, खाली दोन, जन्मभर पुरवायच्या. लोक तिला दुधाची समजतात, किडली तर 'पडेल' म्हणून सोडून देतात, आणि बाराव्या वर्षी ती काढायची वेळ येते. माझ्या पाहण्यात गावातलं सगळ्यात जास्त नुकसान या एका दाढेने झालंय. ती अर्धी वर आली की अजून बाजूच्या दातांपेक्षा खाली असते, ब्रश वरून निसटून जातो. गालाकडून ब्रश आडवा घालून ती वेगळी घासावी लागते. पूर्ण वर आली की तिच्या खोल खाचा दातांच्या डॉक्टरकडून बुजवून घ्यायच्या. सीलंट म्हणतात. पातळ लेप ओततात, निळ्या दिव्याखाली घट्ट करतात, टोचणं नाही, कोरणं नाही. थोरलीला या सुट्टीत घेऊन जा.

आता दुखायला लागल्यावरचं. खरं तर तोवर उशीर झालेला असतो, पण रात्री दोनला पोर गाल धरून रडत असताना कोणी हे ऐकवू नये, तेव्हा उपाय सांगावा. आधी कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायला लाव आणि दाढेत काही अडकलं असेल तर दोऱ्याने अलगद काढ. पुष्कळदा शेंगदाण्याचा कण निघतो आणि रडू थांबतं. नाही थांबलं तर पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे, किलोमागे साधारण 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. सिरपच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, एकीत पाच मिलीत 125 तर दुसरीत 250, म्हणून चमच्यावर न जाता लेबल वाच. ऍस्पिरिन पोरांना नाही. आणि दुखण्यावरची गोळी दाढेत किंवा हिरडीवर दाबून ठेवायची पद्धत आहे ना आपल्यात, तिने हिरडी भाजते, पांढरा चट्टा उठतो.

लवंगेचं तेल खरंच गुण देतं, लवंगेत बधिर करणारं द्रव्य आहे आणि दातांचे डॉक्टरही ते वापरतात. पण थेंबभर कापसावर घेऊन खड्ड्यात ठेवायचं असतं; पोर हलतं, तेल हिरडीला, जिभेला लागतं आणि पोळतं. लहान पोराला मी लावत नाही. कापूर तर घरात वर ठेव, पोराच्या हाती लागणार नाही असा. दाढेत कापूर दाबणं ही आपल्याकडची जुनी खोड, आणि कापूर पोटात गेला तर लहान पोराला झटके येतात. थोडासाही पुरतो.

रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे काढणारे अजून फिरतात. ताटात पाणी, त्यावर तापलेलं लोखंड, त्यावर बिया, वर फुंकणी, आणि थोड्या वेळाने ताटात पांढरे बारीक किडे. मी जवळ बसून बघितलंय. पाण्यात जे तरंगतं ते पोराच्या दाढेतून आलेलं नसतं. दाढ चांगली असलेल्याला बसवलं तरी ताटात तेवढंच निघतं. दातात असा किडा नसतो हे पिएर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्याने 1728 साली पुस्तकात लिहून ठेवलंय. धुरीने तोंड सुन्न होतं, घटकाभर बरं वाटतं, आणि कीड आत आपलं काम करत राहते.

हिरडीवर दाढेच्या मुळाशी पुटकुळी आली, फुटली, पू गेला आणि दुखायचं थांबलं, तर बरं झालं असं समजू नकोस. नस मेली म्हणून दुखत नाही. मेडिकलवाल्याकडून पाच गोळ्या आणून सूज उतरवणं हे तर वेळ मारून नेणं. महिन्याभरात परत येते. गाल सुजला तर बाहेरून गरम शेक देऊ नकोस, थंड फडकं ठेव. आणि हे नीट लक्षात ठेव: सूज डोळ्याकडे चढली, जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरली, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, लाळ गळते, तर सकाळची वाट बघायची नाही. रिक्षा काढायची आणि रोह्याचं सरकारी रुग्णालय गाठायचं. ते पुढे अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतील तर जायचं.

दातांच्या डॉक्टरकडे काय काय करतात ते आधी माहीत असावं, म्हणजे तिथे गोंधळ होत नाही. पांढऱ्या रेघांना फ्लोराइडचं वॉर्निश लावतात, ब्रशने, मिनिटभराचं काम. लहान खड्ड्याला दाताच्या रंगाचं सिमेंट भरतात. काही सिमेंटं स्वतः फ्लोराइड सोडत राहतात, पोरांसाठी तीच बरी. खुर्चीत बसून न राहणाऱ्या पोरासाठी एक औषध आहे, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. चांदीचं द्रव्य. मशीन नाही, सुई नाही, खड्डा पुसून कोरडा करायचा आणि थेंबभर लावायचं. कीड तिथेच थांबते, पण किडलेला भाग कोळशासारखा काळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. पुढच्या दातांवर काळं दिसेल म्हणून आया नको म्हणतात. मागच्या दाढेत काळं कोण बघतंय? ओठाला लागलं तर तपकिरी डाग पडतो, काही दिवसांनी जातो, घाबरू नकोस.

कीड नसेपर्यंत गेली असेल तर पोराच्या दाढेचंही रूट कॅनल करतात. दुधाच्या दाढेचं रूट कॅनल म्हटलं की लोक समजतात डॉक्टर लुबाडतोय. तसं नाही, पोरांच्या दाढेत असं सामान भरतात जे मुळाबरोबर विरघळून जातं, म्हणजे वेळ आली की दाढ आपोआप पडते. वर स्टीलची टोपी बसवतात. चकाकते, पोरं मित्रांना दाखवत फिरतात. नुसतं सिमेंट भरून टोपी न घातलेली मोठी दाढ फुटते, म्हणून टोपीचे पैसे वाचवू नकोस. दाढ काढायचीच वेळ आली तर जागा धरून ठेवायला तारेची कडी बसवतात का, ते आपणहून विचार. हे विचारलं नाही तर पुष्कळदा कोणी सांगत नाही.

पोराला पहिल्यांदा न्यायचं ते दुखत नसताना. सकाळी, पोटभर न्याहारी झाल्यावर, झोपेच्या वेळेला नाही. 'दुखणार नाही हं' असं म्हणायचं नाही. दुखणं हा शब्दच त्याच्या डोक्यात घालायचा नाही. आणि जेवत नाही म्हणून 'डॉक्टरकडे नेऊन सुई देईन' अशी धमकी जी आजवर देत आलीस ती आजपासून बंद.

पैशाचं म्हणशील तर, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, 2013 पासून येते. डॉक्टर असतात, नर्स असते, अठरा वर्षांपर्यंतच्या पोरांना तपासतात, आणि त्यांच्या यादीत दात किडणंही आहे. तिथून चिठ्ठी मिळाली की पुढचे उपचार सरकारी दवाखान्यात फुकट. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नकोस आणि सेविकेला आधीच सांगून ठेव की याच्या दाढा बघायला लावा. एका दिवसात इतकी पोरं तपासायची म्हटल्यावर तोंड उघडून बघायचं राहून जातं. 2023 साली सरकारने स्वच्छ मुख अभियान काढलं, सचिन तेंडुलकरला त्याचा चेहरा केलं. चांगलंच केलं. पण सचिनचं हसू बघून कोणी रात्री अकराला ब्रश हातात घेत नाही.

रोह्यात काम झालं नाही तर दंत महाविद्यालयं धर. सकाळच्या रोहा–दिवा मेमूने पनवेलला उतर, हार्बरची लोकल पकड. कामोठ्याचं एमजीएम आहे, खारघरचं वाय.एम.टी. आहे, नेरूळचं तेरणा आहे. लहान मुलांच्या दातांचा विभाग तिथे वेगळा असतो. शिकणारी पोरंपोरी काम करतात, वर त्यांचे सर उभे असतात. वेळ जातो, पण खाजगीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं आणि रडणाऱ्या पोराला सांभाळायची त्यांना सवय असते. मुंबईला जाणार असाल तर मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय, नाहीतर सीएसएमटीजवळचं शासकीय. एका फेरीत होत नाही, बहुधा दोनतीनदा जावं लागतं. म्हणून लेकाची पहिली पाळी असलेल्या आठवड्यात तारीख घेऊ नकोस. तिसरी असेल तेव्हा घे, सकाळी सुटला की तो घर आणि धाकट्याला बघेल, आणि तू थोरलीला घेऊन निघ. डब्यात पोळीभाजी घे, पाण्याची बाटली घे, आधारकार्ड आणि गाडीवाल्यांची चिठ्ठी घे. फलाटावर बिस्किटाचा पुडा घेशील तर तो पनवेलच्या आत संपव आणि वर पाणी पाज.